खुब्यातला ठणका

"घरच्या माणसांनी दुभाष्याचं काम करू नये, असं आम्ही सुचवतो," दवाखान्याच्या रिसेप्शनवरची बाई म्हणाली होती. "फोनवर मराठी बोलणारं कुणी मिळेल. जरा थांबावं लागेल."

भावनाला हसूच आलं. मराठी माणसाला मराठीचा दुभाष्या! कडेवर नऊ महिन्यांची अक्षया रडून लाल झालेली, शेजारच्या खुर्चीत सासूबाई एका अंगावर बसलेल्या. "मी मराठीच आहे," असं म्हणून तिनं तो विषय मिटवला.

भावना तशी डोळ्यांत तेल घालून संसार करणारी. झोपलेल्या लेकीच्या नाकाशी बोट धरून श्वास चाचपायची. पुण्यात वाढलेली, इंग्रजी शाळेतली, इंजिनिअर. सासूबाई रंभाबाई परभणीकडच्या, नातीला सांभाळायला लंडनमधल्या एजवेअरला आलेल्या. साठीही न गाठलेली काटक बाई. रोज सकाळी बाबासाहेबांच्या तसबिरीसमोर खाली मांडी घालून वंदना म्हणायच्या, आणि ती संपली की त्याच मांडीत अक्षया.

मागच्या दारी बाळाचे कपडे वाळत घालायला गेल्या आणि गोठलेल्या फरशीवर आपटल्या. आपल्या आपण उठल्या. "मुका मार हाय, जाईल," म्हणाल्या. गेला नाही. "खुब्यात ठणकायलंय गं," म्हणू लागल्या, म्हणून तर इथं आणलं.

खुबा हा शब्द भावनाच्या कानावरून गेलेला, तोंडात कधी बसलेला नव्हता. कंबरेच्या आसपासचं काहीतरी असणार. डॉक्टरांनी "कुठे दुखतंय?" विचारलं तेव्हा ती बेधडक म्हणाली, "लोअर बॅक." रंभाबाई चालत आलेल्या, साडी सोडून तपासून घ्यायला मुळीच राजी नसलेल्या. डॉक्टरांनी पाठ दाबून बघितली, गोळ्या दिल्या आणि बजावलं, पडून राहू देऊ नका, चालवा.

मग काय विचारता! भावना सकाळ-संध्याकाळ सासूला पॅसेजमध्ये चालवू लागली.

"आई, अजून एक फेरी."

"पाय उचलंना गं माय."

"डॉक्टरांनी सांगितलंय ना!"

"तू म्हणतीस तर बरोबरच असंल." आणि रंभाबाई भिंत धरून निघायच्या. शिकलेली सून, तिच्यापुढं आपण काय बोलायचं?

आठवडा सरता सरता, पॅसेजच्या टोकाला वळताना कट्कन वाजलं. रंभाबाई खाली बसल्या त्या उठल्याच नाहीत. पाय बाहेर वळलेला, दुसऱ्यापेक्षा आखूड. अँब्युलन्सवाल्यानं खुणेनं विचारलं, तसा त्यांनी जांघेपाशी हात ठेवला. "हितं. खुब्यात."

"म्हणजे कंबरेत ना, आई?"

"कंबर कशाला? कंबर कंबरंच्या जागी हाय. मांडीचं हाड बसतंय तो खुबा!"

हिप. भावनाच्या डोक्यात तो शब्द आत्ता, इतक्या उशिरा आला.

एक्स-रे समोर धरून सर्जन शब्द जपून बोलत होता. "पहिल्यांदा बहुधा नुसती चीर असावी, जागच्या जागी. तेव्हा स्क्रू घातले असते तर हाडानं धरलं असतं, बहुतेकदा धरतं. आता ते सरकलंय. वय फार नाही, म्हणून जागेवर बसवून स्क्रू घालून बघू. पण मांडीच्या हाडाच्या वरच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटला असेल, तर तो मरत जाईल. मग सांधा बदलावा लागेल."

"त्यानंतर त्यांना खाली मांडी घालून बसता येईल?"

"बसू नका असंच सांगू आम्ही."

नवरा प्रबुद्ध बर्मिंगहॅमहून कामावरून तसाच धावत आला. "खुबा माहीत नव्हता, तर मला एक फोन करायचास," एवढंच म्हणाला. ओरडला असता तर परवडलं असतं. आपल्याला माहीत नाही हेच तिला माहीत नव्हतं, ते कसं सांगणार?

ऑपरेशन ठीक झालं. कुबड्यांवर हिवाळा गेला, उन्हाळा गेला. पुढच्या तपासणीला तिघंही एक्स-रेकडे बघत राहिले. स्क्रू जिथल्या तिथं होते, सरळ, पांढरेशुभ्र. ज्याला त्यांनी धरून ठेवायचं ते हाडच खचत चाललं होतं.

"आई, माझ्यामुळं," म्हणून भावना रडली.

"उगी! मला इंग्लिस येईना अन् तुला मराठी. दोघी अडाणी," म्हणत रंभाबाई हसल्या. त्या हसल्या, म्हणून ते जास्त लागलं.

आता सांधा बदलून झालाय. वंदना खुर्चीवरून होते. सतरंजीवर बसलेली अक्षया पदर ओढून बोलावते, आणि आजी म्हणते, "तूच वर ये गं बाई."

भावनाचं तुमच्याकडं एकच मागणं आहे. तुमच्या घरी कुणी वडीलधारं नुकतंच पडलं असेल आणि तरी हिंडत-फिरत असेल, तर हे वाचन बाजूला ठेवा आणि त्यांच्याकडे जा. "बरं आहे ना?" असं विचारू नका, बरंच म्हणतील. मार लागलेल्या बाजूच्या पायावर भार टाकताना त्यांच्या चेहऱ्याकडे बघा. उद्या नको, आत्ताच बघून या.