खंडेनवमीची मेमरी

चंद्रभानने मेमरीची पट्टी उपसली, तिच्या सोनेरी दातांवर खोडरबर घासलं, फुंकर मारली आणि परत खाचेत बसवली. बटण दाबलं. पुन्हा तीच लांबलचक शिट्टी.

"उद्या भंगारवाल्याकडं जाऊन ओरड," तो कॉम्प्युटरला म्हणाला.

म्हणाला खरा, पण जागचा हलला नाही. बोरीतला हा पहिला कॉम्प्युटर. गावातल्या कितीतरी पोरी याच्यावर टायपिंग शिकल्या. चंद्रभानचा क्लास बंद पडला, बाकीची यंत्रं गेली, एवढं एक राहिलं. भंगाराचं नाव काढलं की त्याची बायको धुरपताबाई ताट वाढायची थांबायची. ज्यानं घर चालवलं त्याला किलोवर विकता का, म्हणून विचारायची. दरसाल दसरा झाला की याचं डोकं फिरायचं आणि पट्टी पुसली की गुमान चालायचं. गेल्या दसऱ्यापासून मात्र काही केल्या चालेना. आज खंडेनवमी. औजारांची पूजा, आणि हे असं मुकं.

त्यानं कॉम्प्युटरचा डबा दाराच्या उजेडाकडं कलता केला. पट्टी काढून प्रथमच खाचेच्या तळाशी बॅटरी धरली. जुना दात घासायचा ब्रश आत फिरवला, तर केस लालभडक होऊन बाहेर आले. सोबत तांदळाचा एक दाणा.

चंद्रभान खालीच बसला. क्लास काढला त्या साली त्यानंच बायकोला समजावलं होतं, की ही मेमरी, ही नसली तर हे कुणालाच ओळखणार नाही. उन्हाळ्यात तापतो म्हणून डबा कायम उघडाच. तेव्हापासून दर खंडेनवमीला कुंकवाची पहिली चिमूट तिथंच पडायची आणि तो शेजारी हात जोडून उभा असायचा. त्याला हसू आलं.

खाच साफ केली. बटण दाबलं. एकच बारीक टिक वाजली आणि पडदा उजळला.

धुरपताबाई पदराला हात पुसत बाहेर आली.

"कशानं बिघडलं व्हतं वो?"

"धूळ गं. लय धूळ साचली व्हती."

तिनं पडद्यावरून हात फिरवला आणि लगबगीनं पूजेचं ताट आणायला गेली. तेवढ्यात त्यानं बाजेखालचं झाकण ओढून काढलं, बसवलं, स्क्रू आवळले.

ताट घेऊन आलेली ती थबकली.

"झाकण कशाला लावलं? आत कुंकू कसं लावू?"

"म्हातारं झालंय. थंडी वाजती त्याला."

ती हसली. झाकणाला हळदकुंकू लावून फूल ठेवताना तिला बाजूला पडलेला ब्रश दिसला. तिनं तो उचलून उजेडात धरला. चंद्रभान आवळलेलाच स्क्रू पुन्हा आवळत होता.

तिनं ब्रश हळूच ओच्यात खोचला. बोटाला राहिलेलं कुंकू त्याच्या कपाळाला टेकवलं.

"हितं लावलेलं चालतंय न्हवं?"