सोमवारचा स्नॅपशॉट

अमरावतीतल्या आमच्या कॉलेजचा सर्व्हर मी सांभाळते. नाव सत्यवती, अन् तोंड फाटकं, हे साऱ्यायले माहीत आहे.

झालं असं. आकांक्षा नावाची पोट्टी आमच्याकडे पीएचडी करून राहिली. तेल्हाऱ्याच्या वावरावावरानं चार हंगाम फिरून तिनं कपाशीवरच्या बोंडअळीचे फोटो काढले अन् आमच्या सर्व्हरवर ठेवले. मंगळवारी तिचा कोटा, म्हंजे सर्व्हरवर तिच्यासाठी ठरलेली जागा, भरला. तिनं फालतू फाइली पुसल्या, तरी सर्व्हर म्हने जागा नाई. अजून पुसल्या, तरी तेच. शेवटी वैतागून तिनं सारे फोटोच पुसले. तिले वाटलं, लॅपटॉपवर कॉपी आहे. पाह्यलं, तं तिथं पहिलाच हंगाम!

चूक माही होती. आमचा सर्व्हर रोज स्नॅपशॉट घेते, म्हंजे त्या दिवशी डिस्कवर जे होतं ते जसंच्या तसं धरून ठेवते. फाइल पुसली तरी स्नॅपशॉटात ती राह्यतेच, अन् जागा अडवते. ही अडलेली जागा मी पोरायच्याच कोट्यात धरली होती, अन् कोनाले सांगतलं नव्हतं. पोट्टी समोर रडून राहिली, अन् मले माहीच लाज वाटली.

"रडू नको वो," मी म्हनलं, "सोमवारच्या स्नॅपशॉटात सारं आहे."

तेवढ्यात संचालक किसनराव साहेब आले. डिस्क गच्च झालती, अन् त्यायले ॲडमिशनचा व्हिडिओ टाकाचा होता.

"मॅडम, सारे स्नॅपशॉट उडवा."

"नाई उडवत."

"काहून?"

"हिचे चार हंगाम जातीन."

"एका पोरीसाठी कॉलेज थांबवू काय?"

अस्सा राग आला मले! "तुमच्या सत्काराचे नऊशे जीबी व्हिडिओ हायेत साहेब, अन् तुमाले कोटाच नाई. कोटा काय फक्त लेकरायलेच?"

"नोकरी जाईन तुमची."

"जाऊ द्या!"

त्यायच्या देखत मी सोमवारच्या स्नॅपशॉटले कुलूप लावलं. आता कोनी उडवाले गेलं, तरी सर्व्हर नाई म्हनते. मंग घरची डिस्क आनली अन् फोटो तिच्यावर उतरवले. संध्याकाळ झाली. साहेबाचा व्हिडिओ त्या दिवशी चढला नाई. स्नॅपशॉटची जागा मी पोरायच्या कोट्यातून काढून टाकली, अन् साहेबाच्या फोल्डरले पोरायइतकाच कोटा लावला.

दुसऱ्या दिवशी नोटीस आली: लेखी खुलासा द्या. उभ्याउभ्याच लिहिला.

"चूक माझी होती, ती दुरुस्त केली. हुकूम चुकीचा होता, तो मोडला. परत द्याल, तर परत मोडीन."