बांधाखालची नदी

वाल नदीच्या बांधाचं मजबुतीकरण ठरलं आणि त्याच्या आराखड्याचं काम वीत्स्के या तरुण इंजिनियरकडे आलं. नऊ किलोमीटरचा बांध तिने सॉफ्टवेअरमध्ये बसवला, दर पंचवीस मीटरवर एक आडवा छेद घेत. पाव कापावा तसे तीनशे साठ काप. वरचा उतार, खालची माती, त्याखालची वाळू, असे सगळे थर प्रत्येक कापात दिसत. दोन वर्षं ती हे काप एकेक करून बघत होती.

ही माहिती नकाशावर चढवायची होती. नकाशे सांभाळायचा खेरलोफ. साठी ओलांडलेला, बाराच्या ठोक्याला चीज-पाव उघडणारा, तिरकस बोलणारा माणूस. वीत्स्केने पहिली फाइल पाठवली आणि दहाच मिनिटांत त्याचा फोन आला.

"तुझा बांध फ्रान्समध्ये जाऊन पडलाय," तो म्हणाला. "सगळे काप एकावर एक, आपल्या नकाशाचा शून्यबिंदू तिथे आहे ना, त्यावर. तिथल्या शेतकऱ्याला कळवायचं का?"

चूक तिची होती. छेदातला बिंदू फक्त एवढंच सांगतो, की तो बांधाच्या मध्यरेषेपासून किती दूर आणि किती उंचीवर आहे. पृथ्वीवर तो नेमका कुठे, हे त्याला ठाऊकच नसतं. आता प्रत्येक छेदाची जागा आणि दिशा मध्यरेषेवरून घेऊन प्रत्येक बिंदूचे खरे को-ऑर्डिनेट काढायला हवे होते. जमिनीच्या पृष्ठभागापुरतं सॉफ्टवेअर ते करून देत होतं. खालचे थर कुणी मागितलेही नव्हते, पण अर्धवट काम तिला आवडत नसे. तीन दिवस बसून तिने थरांचे बिंदूही काढले.

मंगळवारी दुपारी खेरलोफने नवी फाइल उघडली. बांध जागेवर आला होता. त्याने वाळूच्या थराला खोलीप्रमाणे रंग दिला. मग त्याने वीत्स्केला बोलावून घेतलं.

एक्केचाळीस छेदांमध्ये वाळूचा थर थोडा वर आलेला होता. कुठे डावीकडे, कुठे मधोमध, कुठे उजवीकडे. एकेकटा बघताना तो किरकोळ फुगवटा वाटायचा आणि वीत्स्के पुढे जायची. वरून पाहिल्यावर ते सगळे फुगवटे एकमेकांना जोडले गेले होते. नदीच्या बाजूने एक डौलदार वळण येत होतं, तिरकं बांधाखालून जात होतं आणि पलीकडच्या कुरणात शिरत होतं.

"ही जुनी, बुजलेली नदी आहे," वीत्स्के म्हणाली. "दोन वर्षं मी हिचे तुकडे बघत होते."

खेरलोफने चष्मा काढला. "मी तेहतीस वर्षं इथला नकाशा सांभाळतोय," तो हळूच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दोघं हातगिरमिट घेऊन त्या कुरणात गेले. कुरण आल्त्ये नावाच्या म्हातारीचं. कुठे खणायचं ते त्यांनी दाखवताच ती म्हणाली, "कोरड्या उन्हाळ्यात तिथलंच गवत हिरवं राहतं, पोरी. माझे सासरे म्हणायचे, तिथे घर बांधू नका. का, ते त्यांनाही माहीत नव्हतं."

गिरमिट चिकणमातीतून कुरकुरत खाली गेलं. दोन मीटरवर हाताला एकदम हलकं लागलं. वर आली ती स्वच्छ करडी वाळू, आणि वाळूत गोड्या पाण्यातला एक अख्खा शिंपला. वीत्स्केने तो तळहातावर घेतला. त्याच्या आतल्या बाजूला अजून चमक होती. पुढे प्रयोगशाळेने सांगितलं, शिंपला दोन हजार वर्षांपूर्वीचा.

पुराच्या वेळी याच वाळूतून पाणी बांधाखालून निसटलं असतं. आराखडा बदलला. त्या एका किलोमीटरमध्ये पोलादी पत्र्यांची भिंत ठरल्यापेक्षा बरीच खोल ठोकली गेली. पुढच्या जानेवारीत नदी कुरणांवर चढली, बांधाच्या खांद्यापर्यंत आली आणि नऊ दिवसांनी उतरली. गाव कोरडं राहिलं.

पाणी उतरल्यावर वीत्स्के आणि खेरलोफ नकाशाची छापील प्रत घेऊन आल्त्येकडे गेले. तिने कॉफीचे कप बाजूला सारले, नकाशा टेबलावर पसरला आणि ते वळण बोटाने सावकाश गिरवलं, आपल्या गोठ्याच्या भिंतीपर्यंत.

"हिचं नाव काय होतं?" तिने विचारलं.

ते कुणालाच माहीत नव्हतं. ऑफिसात परतल्यावर खेरलोफने त्या नदीची नोंद केली. लांबी, रुंदी, खोली, सगळं भरलं. नावाच्या रकान्यापाशी तो थांबला. वीत्स्के मागेच उभी होती. दोघांनीही तो रकाना कोराच राहू दिला.