मी चार नंबरचा रंग

मित्रांनो, मी रंग आहे, पण तुमच्या चित्रकलेच्या डबीतला नाही. सोलापुरातल्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत, फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, करंगळीएवढ्या तपकिरी बाटलीत मी राहतो. मला नाव नाही, नंबर आहे. चार.

माझं काम सांगतो. प्रत्येक पेशीभोवती पेशीपटल असतं, दुधावरच्या सायीपेक्षा कितीतरी पातळ. सूक्ष्मदर्शकातूनही ते धड दिसत नाही. त्यावर माझ्यासारखा रंग बसला आणि वरून निळा उजेड टाकला, की रंग हिरवा चमकतो आणि पेशीची कड उमटते.

मला काव्यानं घडवलं, तिच्या पीएचडीच्या संशोधनासाठी. तिचे वडील गुरुसिद्धप्पा टॉवेलच्या कारखान्यात सूत रंगवतात, त्यामुळे रंगाचं वेड तिच्या घरातलंच. माझ्याआधीचे तीन चमकलेच नाहीत. मी चमकलो, तेव्हा ती धावत जाऊन तिच्या मार्गदर्शक भुवनेश्वरी मॅडमना हाताला धरून घेऊन आली. आठवडाभर जो येईल त्याला माझंच कौतुक ऐकावं लागायचं.

मग माझी खोड कळली. दहा मिनिटं मी कडेवर नीट बसतो, नंतर हळूहळू पेशीच्या आत उतरतो. काव्या कपाळावर हात मारून म्हणाली, "काठाचा रंग अंगात उतरला की!" साडीचं असं झालं तर गिऱ्हाईक साडी परत करतं.

तिनं माझा आराखडा पुन्हा कागदावर मांडला. पटल तेलकट असतं, त्यात रुतून बसायला मला एक शेपटी दिली होती. ती शेपटी तिनं बदलली. आत शिरता येऊ नये म्हणून डोक्याला विद्युतभार जोडला. पाच नंबर झाला, सहा झाला, वीस झाला. तीन वर्षं गेली आणि एकतीस आला.

एकतीस पाण्यात मुळीच चमकत नाही. पटलात बसला तरच उजळतो. त्याला वरचा कप्पा मिळाला, अंगावर चांदीचा कागद मिळाला. काव्या त्याच्याशी बोलायचीसुद्धा. "बस हं बाळा, नीट बस." मला ती कधी बाळा म्हणाली नव्हती. मित्रांनो, माझा नुसता जळफळाट झाला.

पण एकतीस पहिल्याच दिवशी फसला. सूक्ष्मदर्शकाच्या पडद्यावर नुसता काळोख. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. शेजारच्या बशीत तुलनेसाठी मला घातलं होतं. मी आपला टिकून होतो.

भुवनेश्वरी मॅडम म्हणाल्या, "काव्या, जुनाच बरा की गं. शुक्रवारपर्यंत एकतीसचं चित्र आलं नाही तर त्याचा नाद सोड. चारवरच प्रबंध लिहून टाक."

काव्याचे डोळे भरले. मला मात्र गुदगुल्या झाल्या, कारण खरं काय ते मला माहीत होतं. रंग घातला की ती पेशी खारट पाण्यानं धुवायची. एकदा नाही, पाच-सहा वेळा. दर पाण्याबरोबर एकतीस बिचारा कडेवरून सुटून जायचा. मी आत लपलेला, म्हणून वाचायचो. मला बोलता येत नाही हे खरं, पण बोलता आलं असतं तरी मी गप्पच बसलो असतो.

गुरुवारी दुपारी अप्पा लेकीचा डबा घेऊन आले. दारात उभे राहून तिचे हात बघत राहिले.

"किती येळा धुतीस गं?"

"पाणी निवळेपर्यंत. तुम्हीच शिकवलंय की, अप्पा."

"अगं येडे, ते सुताला! सुताला उकळत्या पाण्यात रंग पाजतो, मग धुतो. ह्यानं कुटं उकळी खाल्लीया?"

"पण जास्तीचा रंग पाण्यात राहिला तर?"

"पाण्यात चमकतोय का त्यो?"

"नाही. पाण्यात तो दिसतच नाही."

"मग पाण्यातनं काय काढायलीस?"

काव्याचा हात तिथंच थांबला. "अय्यो! धुवायलाच लागू नये म्हणून तर मी ह्याला असा बनवला. आणि हात आपले धूतच बसले!"

"आदी भाकरी खा," अप्पा म्हणाले.

भाकरी कसली खाते! तिनं नवी बशी घेतली, एकतीसचा थेंब घातला आणि धुतलं नाही. पडद्यावर बारीक हिरवी वर्तुळं उमटली, एकाशेजारी एक, बांगड्या मांडाव्यात तशी. अर्धा तास झाला तरी रंग कडेवरून हलला नाही.

अप्पा वाकून बघत म्हणाले, "लई नाजूक काठ निघालाय की गं."

प्रबंधात आता एकतीसच्या शेजारी माझंही चित्र आहे. खाली माझी खोड छापली आहे, म्हणजे एकतीसचा गुण लोकांना कळेल. माझा मत्सर गेला, असं मी सांगणार नाही. काव्या त्याला बाळा म्हणते तेव्हा अजून पोटात दुखतं. पण त्या शुक्रवारी मी जिंकलो असतो, तर तिची तीन वर्षं मोरीत गेली असती आणि मी हसत बघत राहिलो असतो. याची मला लाज वाटते.

म्हणून मित्रांनो, एवढंच मागणं. नवं काही जमलं नाही तर फेकण्याआधी आपलेच हात तपासा. आणि घरात धाकट्याचं कौतुक चाललं असेल, तेव्हा थोरल्यालाही जवळ ओढा. तो स्वतः मागायचा नाही. तुम्हालाच आठवण ठेवावी लागेल.