पाच मोल मीठ

दीक्षा खांदेश्वरजवळच्या एका ज्युनियर कॉलेजात केमिस्ट्री शिकवायची. एकदा जेवताना तिचा नवरा प्रणय म्हणाला, "तुझ्या त्या मोल नावाच्या मापाचा माणसाला उपयोग काय गं? बाजारात कुणी दोन मोल मीठ मागतं का?"

दीक्षा हसली नाही. तिथंच त्याने सावध व्हायला हवं होतं. पण ऐरोलीच्या आयटी पार्कात दिवसभर हुशार ठरणारा माणूस घरी आला की जरा गाफीलच असतो.

रविवारी ती पेपर तपासायला गेली. तिथे फोन बाहेरच ठेवून घेतात. इकडे प्रणयची आई, शेवंताबाई, लोणच्यासाठी लिंबं चिरून परात भरून बसली.

"मीठ किती रं लावाचा? सुनेला इचार. तिचा लोनचा हाय, तिच्याच मापानं होऊ दे."

फोन देण्याआधी दीक्षाने पाठवलेला मेसेज येऊन पडलाच होता. 'मीठ पाच मोल. सोडियम २३, क्लोरीन ३५.५. नेटवर शोधायचं नाही.'

प्रणयने बेरीज केली. साडेअठ्ठावन्न. आता पुढे काय, गुणायचं की भागायचं? त्याने अंदाजाने ठोकून दिलं आणि पाचाला साडेअठ्ठावन्नने भागलं. उत्तर आलं ०.०८५ ग्रॅम. तेवढं मीठ काट्यावर ठेवलं तर काटा शून्यावरून हलेना.

शेवंताबाईने परातीकडे पाहिलं, मग त्या मिठाकडे. "एवऱ्या लिंबांना एवराच? लोनचा घालतस का नजर उतरवतस?"

प्रणय चपापला. अरे, एका मोलचंच वजन साडेअठ्ठावन्न ग्रॅम! मग पाच मोलचं त्याहून कमी कसं भरेल? त्याने गुणलं. दोनशे साडेब्याण्णव. पांढरा ढीग परातीत पडला, तेव्हा कुठे आईचा चेहरा खुलला.

संध्याकाळी दीक्षाने बरणी उघडून चव घेतली. मीठ बरोब्बर होतं.

"आधी भागलं होतंस ना?"

"छे! एका झटक्यात आलं," प्रणय म्हणाला.

शेवंताबाई पदराआड हसत होती. दीक्षाला तेवढं पुरलं.

पण प्रणयला आता चेव चढला होता. कॅल्क्युलेटर उघडून तो म्हणाला, "बोल, तिखट किती मोल?"

"तिखट म्हणजे शंभर गोष्टींचं मिश्रण. त्याला कुठला आलाय मोल?" दीक्षा डबा उघडत म्हणाली. "चार चमचे घाल. आणि घालताना हात कोरडा ठेव."