थोरलीचा आवाज लागतो, माझा का नाही

बाहेरच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. समोरच्या घरातल्या मावशी, वरच्या मजल्यावरचं जोडपं, शिंपीणबाई, सगळे टीव्हीकडे तोंड करून बसले होते. टीव्हीवर स्वरगुरूंची सभा होती. शेकडो घरं छोट्या छोट्या चौकटींत आणि मधोमध पांढऱ्या शालीतले गुरू. ते म्हणायचे, "तुमच्या माइकमध्ये बिघाड नाही, तुमच्या मनात आहे. शुद्ध मनाचाच आवाज माझ्यापर्यंत पोचतो. डोळे मिटा, दोन्ही हात छातीवर ठेवा." सगळे डोळे मिटत. मग गुरू एकेकाचं नाव घेत आणि म्हणत, "लागला." की त्या माणसाचा आवाज खणखणीत ऐकू येई. खोलीभर सुस्कारे.

माझ्या थोरल्या जाऊबाईंचा, ताईंचा, आवाज दर वेळी लागायचा.

माझा लागायचा नाही. आता मी काही या बुवाची भक्त नव्हे. लहरी, कंपनं, नाभीतला नाद असलं तो बोलू लागला की मला हसू यायचं. पण ताईंचा आवाज लागतो आणि माझा नाही, हे पाहून माझा जळफळाट व्हायचा तो व्हायचाच. घरात आधीच सगळं ताईंचं. पाहुणे ताईंच्या हातची चव वाखाणणार, सासूबाई दुखरं पाऊल ताईंच्याच मांडीवर ठेवणार. आणि आता तर शेजारणीही आपले प्रश्न ताईंकडे देऊन जात, गुरूंना विचारा म्हणून. ताईही ते असा चेहरा करून घेत की बघवत नसे.

नुसतं जळण्यावर भागलं असतं तर मी गप्प बसले असते. पण मामंजींच्या घशाचा प्रश्न होता. मामंजींची उभी हयात बसस्थानकावर गाड्यांची घोषणा करण्यात गेली. कुठली गाडी कुठल्या फलाटावर, हे गाव त्यांच्या आवाजात ऐकायचं. तोच आवाज काही महिन्यांपासून बसला होता, आता तर घोगऱ्या कुजबुजीवर आला होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं, घशात नळी घालून बघू, जरासा तुकडा तपासू, उशीर करू नका. ताईंनी ते गुरूंना विचारलं. गुरू म्हणाले, नळीने नाद फाटतो, रोज सभेला बसवा, आवाज आपोआप मोकळा होईल.

त्याच सभेत मी स्वयंपाकघरातून माझ्या फोनवर बोलायला लागले. टीव्हीच्या खोलीतच फोनही लावला की कर्कश किंचाळी उठते, म्हणून प्रश्न विचारणारा आत जायचा. कधी नव्हे ते गुरूंनी माझंही नाव घेतलं. मी म्हणाले, "पण तपासणीला उशीर झाला आणि काही वाईट निघालं तर..." इतकं सगळ्यांनी नीट ऐकलं आणि तिथून पुढे माझा आवाज गेला. गुरू मान हलवून म्हणाले, "बघितलंत? शंका आली आणि लहरी तुटल्या."

त्यानंतर मी काय काय केलं विचारू नका. नवे इअरफोन आणले. ॲप काढून पुन्हा घातलं. फोनच्या माइकचं भोक दात घासायच्या मऊ ब्रशने साफ केलं. परवानग्या तपासल्या, राउटरची वायर उपटून लावली. बहिणीला फोन केला की आवाज ठणठणीत, सभेत गेले की मुकी. घरात निकाल लागला, की जिचा आवाज गुरूंपर्यंत पोचत नाही तिच्या सल्ल्याला काय किंमत. नवरा तर म्हणाला, "वहिनीसारखं जरा मन साफ ठेव ना." तपासणीची तारीख दोनदा पुढे ढकलली गेली होती, आता तिसऱ्यांदा ढकलायचं चाललं होतं.

पुढच्या सभेत गुरूंनी डोळे मिटायला सांगितले. मी मिटले नाहीत. सत्यशोधनासाठी वगैरे नाही हो, ताई अशी कोणती भक्ती करतात की त्यांचाच आवाज लागतो, ते मला बघायचं होतं. फोनवर ताईंची चौकट शोधली. डोळे मिटलेले, दोन्ही हात छातीवर. आणि चौकटीच्या कोपऱ्यात माइकचं छोटं चित्र, त्यावर लाल रेघ. गुरू म्हणाले, "लागला." लाल रेघ गेली, ताईंचा आवाज आला. ताईंनी तर बोटही हलवलं नव्हतं.

मग मी माझी चौकट पाहिली. लाल रेघ तशीच. मी माइक दाबला. खाली एक ओळ उमटली आणि लगेच विझली, की सभा चालवणाऱ्याने तुमचा माइक बंद ठेवला आहे. रोज उमटत असणार, आणि रोज सगळ्यांचे डोळे मिटलेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी स्वतःच एक मीटिंग उघडली आणि ताईंना म्हटलं, माझा माइक तपासून द्या. शिकवायचं म्हटल्यावर त्या खुशीने आपल्या खोलीत फोन घेऊन बसल्या. आत येताना, माइक चालू-बंद करायची परवानगी मागणाऱ्या चौकटीवर 'हो' दाबायला सांगितलं, तसं गुरूंच्या सेवकांनी पहिल्या दिवशी सगळ्यांना दाबायला लावलं होतं. बाहेर टीव्हीवर तीच मीटिंग, समोर मी, सासूबाई, मामंजी, नवरा आणि मावशी. ताई सुरू झाल्या, "अगं, आधी मन निर्मळ..." आणि मी त्यांच्या माइकच्या चित्रावर बोट टेकवलं.

टीव्हीवर ताईंचे ओठ हलत होते, आवाज नाही. सासूबाई घाबरून म्हणाल्या, हिचा कसा लागेना. ताईंनी फोन हलवला, मग डोळे मिटून हात छातीवर घेतले. मी पुन्हा दाबायला हवं होतं. नाही दाबलं. खोटं कशाला बोलू, मजा येत होती. इतक्या वर्षांत पहिल्यांदा घरात ताईंचं कुणाला ऐकू येत नव्हतं. मग ताईंच्या गालांवरून पाणी ओघळायला लागलं, तरी माझं बोट हलेना.

मामंजी शेजारी येऊन उभे राहिले. त्यांनी माझ्या हातातला फोन घेतला, लाल रेघेवर अंगठा ठेवला. ताईंचा आवाज घरभर फुटला, "...माझं काय चुकलं, गुरुदेव?"

"बसस्थानकातल्या माझ्या माइकलाही खटका होता," मामंजी कुजबुजले. आम्ही सगळे पुढे वाकून ऐकत होतो. "तो मी दाबायचो. देव नाही. उद्या मला दवाखान्यात न्या."

ताई बाहेर आल्या तेव्हा त्यांना पटेना. मी माझा फोन त्यांच्या हातात दिला, त्यांचा घेऊन खोलीत गेले, बोलले. त्यांनी मला बंद केलं. आणि चांगलं ताणून बंद ठेवलं, हेही सांगते.

मावशींनी दारोदार सांगितलं आणि संध्याकाळच्या सभेत आपापल्या फोनवर बसलेल्या आमच्या ओळीतल्या एकाही घराने डोळे मिटले नाहीत. लाल रेघा कुणाच्या सांगण्याने येतात-जातात ते सगळ्यांनी बघितलं. शिंपीणबाईंनी तसं विचारायला तोंड उघडलं आणि आमची सगळी घरं एका झटक्यात सभेबाहेर फेकली गेली.

मामंजींच्या स्वरयंत्रावर गाठ निघाली. लहान होती, काढता आली. डॉक्टर म्हणाले, आणखी थांबला असता तर आवाजासकट स्वरयंत्र काढावं लागलं असतं. आता आवाज थोडा चिरका आहे, पण दारातून हाक मारली की स्वयंपाकघरात पोचते. डॉक्टरांनी विचारलं, यांना कोणी आणलं. मामंजी म्हणाले, थोरल्या सुनेने. खरंच होतं, रिक्षात त्याच शेजारी बसल्या होत्या. शेजारीपाजारीही त्यांनाच शाबासकी देतात आणि मी अजून जळते.

पण तुम्हाला एक सांगते. जो कोणी चमत्कार दाखवायच्या आधी डोळे मिटायला सांगेल, त्याच्यापुढे ते उघडे ठेवा आणि बघा, खटक्यावर बोट कुणाचं आहे. माझे डोळे हेव्यापायी उघडे राहिले. तुमचे विचाराने उघडे राहू द्या.