भरला डबा परत आला

मित्रांनो, मी एक जुना, तीन कप्प्यांचा पितळी डबा आहे. तांबटाने मला ठोकून घडवले आणि पहिली काही वर्षे मी एका कीर्तनकार बुवांच्या घरी काढली. कीर्तन संपले की माझ्यातून प्रसादाचा शिरा वाटत. विदुराघरच्या कण्या देवाने कशा आवडीने खाल्ल्या, हे बुवा रंगवून सांगत, तेव्हा बायाबापड्यांचे डोळे भरून येत. त्या कथेवरच मी वाढलो म्हणा ना.

पुढे बुवांकडे स्टीलचे डबे आले आणि मी मोडीत निघालो. तिथून मला बाबासोंनी आणले. ते साखर कारखान्यात कामाला होते. त्यांच्या पत्नी आक्काताई मला चिंचेने घासून लखलखीत ठेवत, वेळच्या वेळी कल्हई करून घेत. बाबासो गेले आणि मी फळीवर धूळ खात पडलो.

गेल्या पावसाळ्यात वरच्या खोलीत हिवोत राहायला आली. इथिओपियाहून ही पोर कोल्हापूरला शिकायला आली होती. सुरुवातीला ती रिक्षावाल्याच्या आवाजालाही दचके. तो भांडत नाही, नुसता पत्ता विचारतोय, हे तिला उशिरा उमगले. आक्काताईंनी मला फळीवरून काढले आणि रोज भरून वर पाठवू लागल्या. तांबडा रस्सा ती भुरकून खाई. डबा रिकामा परत द्यायचा नसतो, चिमूटभर साखर तरी घालायची, हेही आक्काताईंनी तिला शिकवले. ती तिच्या गावाकडचे कॉफीचे भाजलेले दाणे घालून मला खाली पाठवी. किती सुखाचे दिवस होते ते!

मग थंडी सरता सरता एके दिवशी मी भरलेलाच परत आलो. दुसऱ्या दिवशीही. हिवोत हात जोडून तोडक्यामोडक्या मराठीत एवढेच म्हणाली, "नको मावशी. उपास."

उपासाला दूध चालतेच की, असा विचार करून आक्काताईंनी केशर घालून दूध पाठवले. तेही परत आले. आणि त्याच दिवशी उन्हे कलल्यावर त्यांना ती खोलीत स्वतः रांधलेला डाळभात खाताना दिसली.

आक्काताईंनी मला ओट्यावर आदळले. "कुनीतरी हिच्या कानावर आमची जात घातली," त्या शेजारच्या चिमणाबाईंना म्हणाल्या. "ल्हानपनी गावातली मानसं आमच्या वंजळीत वरनं पानी वतायची. आता समुद्रापल्याडची पोर बी तसंच कराय लागली व्हय?"

मी सगळे पाहिले होते. दुपार टळेपर्यंत ती पाण्याचा थेंब घेत नसे. भिंतीवरच्या मेरीमातेपुढे उभी राही. माझे झाकण उघडून वास घेई आणि डोळे मिटून पुन्हा लावी. पण पितळेला वाचा कुठली? आक्काताईंनी तिला दुसरी खोली बघायला सांगितली, तेव्हाही मी ओट्यावर नुसता चकाकत होतो.

जायच्या दिवशी, रविवारी, हिवोत पहाटेच देवळातून आल्यासारखी पांढरी ओढणी घेऊन खाली आली. आदल्या रात्री तिने ओट्यावरून मला वर नेले होते आणि आता काठोकाठ भरून आणले होते. तिने एक घास केला आणि आक्काताईंच्या तोंडाशी नेला. आक्काताईंनी मान फिरवली.

"आमचं खाल्लं न्हाईस. आता तुजं मी खाऊ?"

तिचा हात तसाच हवेत राहिला. मग तिने घास माझ्यात ठेवला, त्यांच्या पाया पडली आणि बाहेर थांबलेल्या रिक्षात बसली.

दुपारी वारणानगरच्या कॉलेजच्या वसतिगृहातून आक्काताईंची लेक साक्षी आली. तिने झाकण उघडले. आत लालभडक कोंबडीचा रस्सा होता, त्यात उकडलेली अंडी. साक्षीने मोबाइलवर शोधले आणि तिचा चेहराच उतरला. आज इथिओपियातल्या ख्रिस्ती लोकांचा ईस्टर. त्याआधी जवळजवळ दोन महिने त्यांना मांस, अंडी, दूध, काही म्हणजे काही चालत नाही. आणि तो घास? जिवाभावाच्या माणसाला ते लोक आपल्या हाताने भरवतात.

आक्काताई खाली बसल्या. तोच घास उचलून त्यांनी तोंडात घातला. "माज्याच रश्शासारका हाय की गं," म्हणाल्या आणि पदरात तोंड लपवून रडल्या. साक्षीने हिवोतला फोन लावला. लागला नाही.

त्यांनी मला घासले, पुसले, आत मूठभर साखर घातली, चपला चढवल्या आणि दारातच थांबल्या. हिवोत कुठे राहायला गेली, हेही कुणी विचारले नव्हते.

मित्रांनो, परक्या मुलखातले लेकरू तुमच्या हातचे नको म्हणाले, तर रागावण्याआधी शेजारी बसा आणि का ते विचारा. हिवोतचा फोन अजून लागत नाही आणि मी अजून ओट्यावरच आहे. साखरेला मुंग्या लागल्या, की आक्काताई ती ओतून नवी भरतात.